युद्धबंदीनंतर सुरुंग काढताना मृत्यू : मोठ्या आईला युद्धविधवेचे निवृत्तिवेतन मिळेल काय?

पुतण्या, मानेवाडा (नागपूर)

नमस्कार. माझे मोठे बाबा लष्कराच्या बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलात होते. १९७१ च्या युद्धानंतर, जानेवारी १९७२ मध्ये, पाकिस्तानातील शकरगड भागात शत्रूने पेरलेले सुरुंग काढताना झालेल्या स्फोटात ते गेले. लग्नाला जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि मूलबाळ नव्हते. मोठी आई तेव्हापासून आमच्याच घरी आहे. तिला कुटुंब निवृत्तिवेतन नियमित मिळते, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र यंदा संरक्षण निवृत्तिवेतनाच्या स्पर्श पोर्टलवर तिच्या हयातीचा दाखला भरताना मी प्रथमच तिचा पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश, नीट वाचला, तेव्हा निवृत्तिवेतनाच्या प्रकारापुढे 'स्पेशल' असे लिहिलेले दिसले. युद्धात कामी आलेल्या जवानाच्या पत्नीला 'लिबरलाइज्ड' मिळते, असे ओळखीच्या एका माजी सैनिकाने सांगितले. त्यावरून एका कार्यालयात विचारणा केली, तर तेथील लिपिकाने मानही वर न करता, "युद्ध सतरा डिसेंबरला संपले, तुमचा माणूस जानेवारीत गेला," एवढे बोलून कागद परत सरकवले. दुसरी अडचण अशी की लष्कराच्या नोंदीत तिचे माहेरचे नाव आहे आणि आधारवर लग्नात ठेवलेले. आता कोणाकडे जावे?

सुभेदार (निवृत्त), कामठी

आपल्या मोठ्या आईंना माझा नमस्कार सांगावा. लिपिकाने तारीख बरोबर सांगितली, अर्थ मात्र चुकीचा लावला. १७ डिसेंबर १९७१ ला पश्चिम सीमेवर गोळीबार थांबला, सुरुंग मात्र जमिनीतच होते आणि ते काढण्याचे काम सॅपर्सनाच करावे लागले. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात मृत्यूचे 'अ' ते 'इ' असे पाच वर्ग केलेले आहेत. त्यांतील 'इ' वर्गात शत्रूच्या कारवाईतील मृत्यूबरोबरच सुरुंग पेरताना किंवा काढताना आलेला मृत्यूही, शत्रूच्या सुरुंगांसह, स्पष्ट शब्दांत नोंदवलेला आहे. 'स्पेशल' म्हणजे मृत्यू सेवेमुळे झाला हे सरकारने मान्य केले, युद्धजन्य मानले नाही. फरक लहान नाही : 'स्पेशल'मध्ये गणनापात्र वेतनाच्या, म्हणजे निवृत्तिवेतन ठरवताना धरल्या जाणाऱ्या वेतनाच्या, ६० टक्के मिळतात, 'लिबरलाइज्ड'मध्ये ते वेतन पूर्ण मिळते.

सर्वांत आधी खडकीच्या अभिलेख कार्यालयाला, म्हणजे आपण ज्याला रेकॉर्ड ऑफिस म्हणतो त्याला, मोठ्या आईंच्या सहीने अर्ज पाठवावा आणि मृत्यूची नोंद 'बॅटल कॅज्युअल्टी' (युद्धजन्य) अशी आहे की 'फिजिकल कॅज्युअल्टी' (युद्धजन्य नसलेली) अशी, एवढेच विचारावे. सगळा दावा या एका शब्दावर उभा राहतो. अर्जाची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतही पाठवावी. पुण्याला हेलपाटा घालण्याची गरज नाही. पोचपावती मात्र जपून ठेवावी.

वकील, सिव्हिल लाइन्स

सुभेदारसाहेबांच्या उत्तरात एक दुरुस्ती सुचवतो. २००१ चे पत्र १ जानेवारी १९९६ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांसाठी आहे. त्यामुळे अर्जात केवळ त्याच पत्राचा आधार घेतला, तर पहिल्याच टेबलावर नकार मिळेल. १९७१ च्या युद्धानंतर निघालेल्या आदेशांनुसार प्रकरण तपासावे अशी मागणी करावी आणि २००१ चे पत्र सुरुंगाच्या कामाकडे सरकार कोणत्या नजरेने पाहते हे दाखवण्यापुरते जोडावे. उत्तर न आल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपये शुल्क आहे आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

नकार आल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. इतक्या वर्षांनी कसे, असा प्रश्न निघेलच. त्यावर तरसेम सिंग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल उपयोगी आहे : दर महिन्याला कमी मिळणारे निवृत्तिवेतन हा चालू राहणारा अन्याय असतो, त्यामुळे केवळ उशीर झाला म्हणून दावा बुडत नाही. थकबाकी मात्र साधारणपणे अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, म्हणून पन्नास वर्षांच्या रकमेचा हिशेब मांडून बसू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार महिलेला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो.

नावासाठी, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून लग्नपत्रिका किंवा शाळेचा दाखला जोडावा. आमच्या विदर्भात लग्नाच्या मांडवातच नवरीचे नाव बदलत असे आणि त्या तांदळात लिहिलेल्या नावाचा त्रास सत्तरीतल्या बायका आजही भोगतात.

माजी सैनिकाची मुलगी, नंदनवन

थकबाकीचे दहा टक्के मागणारे दलाल फिरतात. माझ्या आईची मूळ पीपीओ प्रत अशाच एकाने आठ महिने अडकवून ठेवली होती. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका. वय ऐंशी झाले की मूळ निवृत्तिवेतनावर २० टक्के वाढ मिळते, त्यामुळे प्रकार त्याआधी दुरुस्त झालेला बरा.

पुतण्या, मानेवाडा

सर्वांचे आभार. काल मोठ्या आईने स्वतःच पेटी उघडली. शालूच्या घडीत १९७२ ची तार निघाली. घडीच्या रेषांवर ती विरली आहे, पण 'माइन' आणि 'क्लिअरन्स' हे दोन्ही शब्द वाचता येतात. तिच्या छायाप्रतीसह खडकीला अर्ज आज जीपीओतून स्पीड पोस्टने पाठवला. सही तिने आग्रहाने दोन्ही नावांनी केली आहे. वकीलसाहेब, त्याने काही अडचण तर येणार नाही ना?

वकील, सिव्हिल लाइन्स

येणार नाही. प्रतिज्ञापत्रावरही तशीच करू द्या.