‘मेंदूची गुंतागुंत’ म्हटलं की दवाखाना का आठवतो?

वाशीची भाषांतरवाली: शाळेच्या विज्ञान भित्तिपत्रकासाठी ऑक्टोपसवर लिहितेय. सुमारे ५० कोटी चेतापेशी, त्यातल्या दोन-तृतीयांश हातांमध्येच. शीर्षक दिलं ‘ऑक्टोपसच्या मेंदूची गुंतागुंत’. बाईंनी लाल पेनाने विचारलंय, ‘ऑपरेशन बिघडलं का त्याचं?’ दुसरं सुचवा.

पाचपाखाडी: जटिलता. संपला विषय.

ऐरोलीकर: संपला कुठे? हा हिंदी बातम्यांतून आलाय. दोरा जटिल झाला, असं घरात कुणी म्हणतं का?

पाचपाखाडी: जटेवरून जटिल, अस्सल संस्कृत. हिंदीने वापरला म्हणून आपण टाकायचा?

कोपरीची काकू: बाईंचं बरोबर आहे गं. सुनेच्या बाळंतपणात डॉक्टर बाहेर येऊन ‘थोडी गुंतागुंत आहे’ म्हणाले, तेव्हापासून तो शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. गुंता म्हणावं, तर माझी आजी जाळ्यातला गुंता सोडवत बसायची, गाठ दातात धरून. गुंता सोडवायचा असतो. मेंदू कशाला सोडवायचा? ‘वीण’ म्हण. मेंदूची वीण दाट.

वाशीची भाषांतरवाली: काकू, काय शब्द दिलात!

ऐरोलीकर: शब्द सुरेख, पण आम्हा पक्षीवाल्यांना वीण म्हणजे अंडी-पिल्लं. ‘कावळ्याची दाट वीण’ वाचलं तर मी घरटी मोजायला निघेन. त्यापेक्षा नुसतं ‘दाट’ ठेवा. २०१६ च्या एका संशोधनात पेशी मोजल्या, तर काही पोपट आणि कावळ्यांच्या भाईबंदांनी मेंदूच्या पुढच्या भागात काही माकडांनाही मागे टाकलं. एवढ्याशा डोक्यात दाटीवाटी, आपल्या लोकलसारखी. खाडीवरच्या रोहितांच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, मेंदूतल्या पेशी कुणी मोजल्या असतील तर सांगा.

पाचपाखाडी: अग्निपंख म्हणा. रोहित म्हटलं की पोरांना क्रिकेट आठवतं.

ऐरोलीकर: रोहित जुना शब्द आहे, क्रिकेट नंतरचं.

कोपरीची काकू: ते दरवर्षी येतात-जातात, त्यालाही स्थलांतर. साठ-सत्तर हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून माणसं निघाली, त्यालाही स्थलांतरच. ती काय बोचकं बांधून निघाली होती? पिढ्यान्‌पिढ्या पांगत गेली बिचारी.

पाचपाखाडी: ‘पांगणं’ गुरांचं, काकू. माणसांचा ‘प्रसार’ होतो.

कोपरीची काकू: प्रसार साथीचा होतो.

वाशीची भाषांतरवाली: मंडळी, पत्रक उद्या सकाळी लागतंय. ‘गुंतागुंतीचा मेंदू’ केलं, विशेषण केलं की दवाखाना जरा मागे पडतो. चालेल ना?

ऐरोलीकर: चालेल. पण अग्निपंख हा शब्द आधी कुणी वापरला, ते पाचपाखाडींनी सांगावं.