इंग्रजी उताऱ्यांचा सराव विज्ञानाच्या लेखांवर करावा का?

निशिगंधा (सांगली)

मी एका अभ्यासिकेत मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींचा इंग्रजी उताऱ्यांचा सराव घेते. बहुतेक जण यूपीएससी देणारे. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, पण पूर्व परीक्षेतला सी-सॅटचा पेपर (उताऱ्यांचं आकलन, तर्क, गणित) येतो इंग्रजी आणि हिंदीत. दोन तासांत ८० प्रश्न. ३३ टक्के मिळाले की पुरे, हे खरं, पण उत्तर चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. सामान्य अध्ययनात उत्तम असलेली पोरं इथे अडकतात आणि वर्ष वाया जातं.

माझं ठाम मत आहे की सरावाला सर्वसामान्यांसाठी लिहिलेले विज्ञानाचे इंग्रजी लेख घ्यावेत. सगळीकडे सल्ला मिळतो तो रोज अग्रलेख वाचायचा. अग्रलेख वाचकाला मागचं सगळं माहीत आहे असं धरून चालतो: कुठला कायदा, कुठला निकाल, गेल्या आठवड्यात कोण काय बोललं. विज्ञानाचा चांगला लेख पहिल्या पायरीपासून सांगत येतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हमीभावावर किंवा आरक्षणावर उतारा दिला की मुलं आपल्याला जे पटतं त्या पर्यायावर खूण करतात, उताऱ्यात ते असो वा नसो. सूक्ष्मजीवांबद्दल कुणाचं मत आधीपासून ठरलेलं नसतं.

एक उदाहरण देते. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. त्यावर मी इंग्रजीत दोन परिच्छेद लिहून दिले. सुरुवातीला शैवालावर संशय होता; पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला पाण्यात खारटपणात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव सापडले; पाणी आटून क्षार वाढल्यामुळे त्यांचं फावलं असावं. प्रश्न होता, उताऱ्यातून कोणता निष्कर्ष निघतो? एक पर्याय होता, 'सरोवर दर उन्हाळ्यात गुलाबी होतं.' बऱ्याच जणांनी तोच निवडला. उताऱ्यात 'दर उन्हाळ्यात' कुठेच नाही. मग एकेकाला विचारलं, कुठल्या ओळीत आहे, बोट ठेव. बोट ठेवायला ओळच सापडेना, तेव्हा मुलं स्वतःहून उतारा पुन्हा वाचायला लागली. अग्रलेखावर असंच विचारलं असतं तर वाद झाला असता, वाचन झालं नसतं.

देवदत्त

निशिगंधाताई, तळमळ पोचली, पण मुद्दा पटला नाही.

आकलन हे कुठल्याही विषयावर घासून कुठेही वापरता येणारं कौशल्य आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. १९८८ मध्ये अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोघी संशोधकांनी ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं वाचनात पक्क्या पण खेळ न समजणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. म्हणजे विषयाची जाण असेल तर उतारा उलगडतो. सी-सॅटचे उतारे मुख्यतः शेती, हवामान, बँका, लोकशाही, विकास यांवरचे असतात. मग वेळ तिथे घालवावा की आठ पायांच्या प्राण्याला तीन हृदयं कशी, यावर?

शब्दांचंही तेच. आधाराशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असं हू आणि नेशन या भाषा-अभ्यासकांच्या संशोधनातून पुढे आलं. म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. विज्ञानाच्या लेखात एका वाक्यात दोन अनोळखी शब्द येतात. जो मुलगा दहावीपर्यंत मराठीत शिकला, त्याच्यावर तुम्ही भाषेचं आणि विषयाचं असं दुहेरी ओझं टाकताय.

मीनल (सध्या लीड्स, इंग्लंड)

नर्सिंगसाठी इकडे येताना इंग्रजीची परीक्षा म्हणून मी आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक दिली. वाचनाला ६० मिनिटं, तीन उतारे, ४० प्रश्न. विषय कुठलाही येतो आणि विषयाचं ज्ञान लागत नाही. त्यात 'नॉट गिव्हन' नावाचं उत्तर असतं: विधान खरं की खोटं हे उताऱ्यात सांगितलेलंच नाही. ताईंनी लोणारचं जे सांगितलं ते नेमकं हेच. माझा सगळा सराव प्राणी, पुरातत्त्व, झोप यांवरच्या लेखांवर झाला आणि त्याचा उपयोग झाला. माझं मत ताईंच्या बाजूने.

निशिगंधा (सांगली)

देवदत्त, बेसबॉलचा अभ्यास मान्य. पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मान्य नाही.

परीक्षेत कुठला विषय येईल हे आधी कळत नाही, त्यामुळे प्रत्येक विषयाची जाण आधी कमवून ठेवणं कुणालाच जमणार नाही. अनोळखी विषयात न घाबरता शिरायची सवय मात्र लावता येते. आणि मुलं अडतात कुठे, ते शेजारी बसून पाहिलंय. 'हॅलोआर्किया'वर अडत नाहीत, कारण लेखक लगेच त्याचा अर्थ सांगतो. अडतात 'अट्रिब्यूट', 'कन्सिस्टंट', 'व्हेअरॅज', 'नेव्हरदलेस' अशा शब्दांवर. हे शब्द अर्थशास्त्रात येतात, इतिहासात येतात, विज्ञानातही येतात. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अशा शब्दांची ५७० कुळं (एका मूळ शब्दापासून झालेले शब्द मिळून एक कुळ) काढली ती याचसाठी, ते सगळ्या विषयांत फिरतात म्हणून.

आणखी एक. 'मे' आणि 'इज लाइकली टू' यांचं वजन विज्ञानाच्या लेखात जितकं लख्ख दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही. उतारा म्हणतो कारण असू शकतं, पर्याय म्हणतो कारण आहे. सी-सॅटमध्ये गुण जातात ते इथे.

देवदत्त

शब्दांचा मुद्दा घेतला. पण तेच शब्द रिझर्व्ह बँकेच्या अहवालातही आहेत, आणि तिथला मजकूर परीक्षेच्या जवळचा आहे.

माझा खरा आक्षेप लिखाणाच्या घाटावर आहे. विज्ञानाचा लोकप्रिय लेख गोष्टीसारखा लिहिलेला असतो. आधी प्रयोगशाळेतला प्रसंग, मग शास्त्रज्ञाचं बालपण, मग शोध. दोन हजार शब्द सहज वाचून होतात आणि वाचल्याचं समाधान मिळतं. सी-सॅटचा उतारा बहुतेकदा एका परिच्छेदाचा, प्रत्येक वाक्य भरलेलं, आणि विचारतात काय तर लेखकाचं गृहीतक कोणतं. गोष्ट वाचणाऱ्याला गृहीतक शोधायची सवय लागत नाही. माझा धाकटा भाऊ वर्षभर असे लेख आवडीने वाचत होता. वाचनाचा वेग वाढला, गुण होते तिथेच राहिले.

निशिगंधा (सांगली)

भावाचं समजू शकते. नुसतं वाचत राहून गुण वाढत नाहीत, हे कुठल्याही मजकुराला लागू आहे. मी अख्खा लेख देत नाही. त्यातला युक्तिवादाचा एक परिच्छेद काढते आणि त्यावर चार प्रश्न. लोणारचंच घ्या. ज्या उल्काघाताने सरोवर झालं त्याचं वय एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षं निघालं, नंतर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५,७०,०००. दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात आले की विचारता येतं: लेखक कुणाच्या बाजूने आहे? दुसरी पद्धत जास्त भरवशाची मानताना त्याने काय गृहीत धरलं? हे गृहीतकच झालं की.

बापू (जि. प. शाळा)

तुम्ही दोघं पदवीधर मुलांबद्दल बोलताय. मी आठवीला शिकवतो, माझा अनुभव वेगळा आहे.

आमच्या गावात घरोघरी जनावरं आहेत. मुलं सकाळी डेअरीवर दूध घालून शाळेत येतात. पुस्तकाबाहेरचा इंग्रजी उतारा अंतराळावर दिला तर वर्ग गप्प. दुधावर दिला, फॅट कशी मोजतात, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) म्हणजे काय, पाणी घातलं की लॅक्टोमीटर खाली का जातो, तर जी मुलगी एरवी तोंड उघडत नाही तिने उतारा वाचून सांगितलं, 'सर, यात साडेतीन-साडेआठचं लिहिलंच नाही.' गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, हे तिला घरून माहीत होतं. उताऱ्यात काय आहे आणि काय नाही, हा फरक तिने स्वतः पकडला.

तेव्हा देवदत्तसर म्हणतात तशी विषयाची जाण हवीच. आणि तो विषय विज्ञानाचा होता, हे ताईंच्या बाजूचं. पण विज्ञान मुलाच्या अंगणातलं असू द्या.

वैशाली (नाशिक)

एक सुचवते. आधी तोच विषय मराठीत वाचायला द्यावा. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करतेय, जयंत नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञांनी मराठीत सोपं करून लिहिलंय, मजकुराची वाण नाही. विषय मातृभाषेत कळला की इंग्रजी वाचताना लक्ष भाषेवर राहील.

देवदत्त

हे मला पूर्ण पटतं. दुहेरी ओझ्यावर हाच उपाय आहे.

निशिगंधा (सांगली)

वैशालीताई, माझा याला विरोध आहे. आधी मराठीत वाचलं की मुलं इंग्रजी उतारा वाचतच नाहीत, आठवणीतून उत्तर देतात. गुण मिळतात, सराव होत नाही. मराठी लेख मी प्रश्न सोडवून झाल्यावर देते, मग आपण कुठे घसरलो ते त्यांना स्वतःला दिसतं.

बापू (जि. प. शाळा)

ताई, तुमच्या मुलांना ते चालेल, त्यांना परीक्षेची ओढ आहे. आठवीचं पोर इंग्रजी उताऱ्याने एकदा घाबरलं की नंतर मराठी लेख दिला तरी वही उघडत नाही. माझ्या वर्गात मराठी आधीच राहणार. तुमचा लोणारचा उतारा मात्र पाठवा, शब्द थोडे सोपे करून सोमवारी घेतो.