उसिक विरुद्ध होलीफिल्ड: बारा फेऱ्यांत कोण जिंकेल आणि नेमकं कशामुळे?

(बॉक्सिंगवरची चौघांची चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

बाहेरचा पाय

हेवीवेटच्या, म्हणजे सगळ्यात जड वजनगटाच्या, काल्पनिक लढतींचा विषय निघाला की लोक मुहम्मद अली आणि माइक टायसनवर थांबतात. माझ्या मते खरी तुल्यबळ जोडी वेगळी आहे: ओलेक्सांद्र उसिक आणि इव्हँडर होलीफिल्ड. क्रूझरवेट (हेवीवेटच्या खालचा गट) आणि हेवीवेट या दोन्ही गटांत त्या त्या काळचे सगळे मुख्य पट्टे, म्हणजे जगज्जेतेपदं, एकाच वेळी मिळवणारे पुरुष बॉक्सर हे दोघंच. होलीफिल्डने एप्रिल १९८८ मध्ये कार्लोस डे लिओनला आठव्या फेरीत थांबवलं आणि ऑक्टोबर १९९० मध्ये बस्टर डग्लसला तिसऱ्या फेरीत झोपवलं. उसिकने जुलै २०१८ मध्ये मॉस्कोत मुरात गासिएवला आणि मे २०२४ मध्ये रियाधमध्ये टायसन फ्युरीला हरवलं. अंगानेही दोघं जवळजवळ सारखे. सहा फूट तीन इंचांच्या आतबाहेर उंची, हातांची पोहोच ७८ इंचांच्या आसपास.

माझा कौल उसिकला, गुणांवर. कारण पाय.

उसिक डावखुरा, म्हणजे उजवा पाय पुढे. होलीफिल्डचा डावा पाय पुढे. हे दोन पाय समोरासमोर आले की ज्याचा पाय बाहेरच्या अंगाला पडतो त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मिळते. उसिक ही जागा एका झटक्यात घेत नाही. आधी उजव्या हाताने समोरच्याच्या पुढच्या ग्लोव्हवर टकटक करत राहतो आणि त्याची नजर हातावर खिळवतो. त्या क्षणी पाय चार इंच बाहेर सरकवतो, डावा सरळ मारतो, आणि ठोसा लागो वा न लागो, तिथून निघून जातो. समोरचा परत मारायला पाय जुळवतो तोवर लक्ष्य हललेलं असतं. सप्टेंबर २०२१ मध्ये अँथनी जोशुआ बारा फेऱ्या हेच करत राहिला: पाय जुळव, पुन्हा जुळव, आणि ठोसा राहून गेला.

होलीफिल्डला डावखुऱ्याचा त्रास व्हायचा याचा पुरावाही आहे. एप्रिल १९९४ मध्ये मायकेल मूररने त्याचे पट्टे घेतले. दुसऱ्या फेरीत स्वतः खाली पडूनही.

दहावी फेरी

मूररचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. त्या लढतीनंतर डॉक्टरांनी होलीफिल्डच्या हृदयात दोष असल्याचं सांगितलं आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढच्या तपासण्यांत हृदय ठीक निघालं, १९९५ मध्ये तो परतला. खांद्याचं दुखणं वेगळंच. त्या रात्रीच्या शरीरावरून डावखुऱ्याविरुद्धचा निष्कर्ष काढायचा असेल तर नोव्हेंबर १९९७ ची परतफेडही धरा. तिथे होलीफिल्डने त्याच मूररला पाच वेळा पाडलं: पाचव्या फेरीत एकदा, सातवीत दोनदा, आठवीत दोनदा. आठवीनंतर लढत थांबली.

आता उसिककडे या. हेवीवेटमध्ये तो ज्यांना खेळवतो ते बहुतेक त्याच्याहून २० ते ५५ पाउंडांनी जड आणि पायांनी संथ. २०२४ च्या दुसऱ्या लढतीत फ्युरी कपड्यांसह २८१ भरला, उसिक २२६. डग्लसविरुद्धचा होलीफिल्ड २०८ पाउंड, म्हणजे जेमतेम ९४ किलो होता. तुम्ही म्हणता ते चार इंच तोही तेवढ्याच वेळात सरकवतो. उसिकला त्याच्याच मापाचा, पुढे घुसणारा, पोटावर मारणारा माणूस भेटला तेव्हा काय झालं? जानेवारी २०१८, रिगा, माइरिस ब्रिएडिस. दोन गुणपंचांचे ११५-११३, तिसऱ्याचे ११४-११४. उसिकच्या व्यावसायिक कारकिर्दीतली ती सगळ्यात अवघड रात्र होती असं मी मानतो, फ्युरीची पहिली लढत धरूनही.

आणि यकृताचं काय? यकृत उजव्या बरगड्यांखाली असतं. डावखुऱ्याची तीच बाजू पुढे. होलीफिल्डचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) तिथे पोचायला फार लांब जावं लागत नाही. उसिक उजवीकडे सरकतो तेव्हा तर तो त्या हुकच्या दिशेनेच जात असतो.

बाहेरचा पाय

ब्रिएडिसचा मुद्दा मान्य. हवं तर म्हणा की ११६-११२ हा माझा पहिला अंदाज होता, तो ११५-११३ वर आणतो.

पण १९९७ चा मूरर म्हणजे उसिक नव्हे. मूरर मारून झाल्यावर त्याच जागी उभा राहायचा. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) उत्तम, पाय मात्र रोवलेले. म्हणून होलीफिल्डला उजवा हात आणि मागोमाग अपरकट (खालून वर मारलेला ठोसा) एकाच जागेवर पुन्हा पुन्हा टाकता आले. उसिकसमोर पहिला उजवा हात बसेल, त्याच्या मागचा अपरकट हवेत जाईल.

पोटाबद्दल: फ्युरीने पहिल्या लढतीत चौथी ते सातवी या फेऱ्यांत अपरकट आणि पोटावरचे ठोसे मारून उसिकला खरंच मागे ढकललं. जोशुआनेही ऑगस्ट २०२२ मध्ये जेद्दामध्ये तेच केलं आणि नववी फेरी त्याची सर्वोत्तम होती. दोन्ही वेळा पुढे काय झालं? जोशुआला दहावीत उत्तर मिळालं. फ्युरीला नववीत. पोटावर मारायला जवळ यावं लागतं, जवळ आलेला माणूस दमतो, आणि उसिकचा ठोशांचा वेग आठवीनंतरही कमी होत नाही.

गुणपत्रिका

नववी फेरी निघालीच आहे तर आकडे नीट मांडू, कारण "उसिकने फ्युरीला सहज हरवलं" हे वाक्य हल्ली सर्रास ऐकू येतं. पहिल्या लढतीत ते खरं नाही.

गुण होते उसिकला ११५-११२, उसिकला ११४-११३, फ्युरीला ११४-११३. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला सहसा ९ आणि तो खाली पडला तर ८ गुण मिळतात. बारा फेऱ्या सगळ्या १०-९ दिल्या तर दोघांच्या गुणांची बेरीज २२८ होते. इथे तिन्ही पत्रिकांवर ती २२७ आहे. म्हणजे तिघांनीही एकच फेरी १०-८ दिली: नववी, जिथे फ्युरी दोरांवर अडखळत गेला, दोरांनी त्याला उभं धरलं आणि पंचाने तो पडला असं धरून आकडे मोजले. ती मोजणी झाली नसती आणि फेरी १०-९ राहिली असती, तर पत्रिका झाल्या असत्या उसिकला ११५-११३, एक ११४-११४, आणि फ्युरीला ११५-११३. लढत बरोबरीत. मोजणी योग्यच होती, दोर नसते तर तो माणूस खाली होता. पण एवढ्या बारीक धाग्यावर ती लढत होती. डिसेंबरची दुसरी लढत स्वच्छ: तिघांचेही ११६-११२.

आता होलीफिल्डच्या लढतीत एक गोष्ट दोघंही विसरलात. डोकं. उजवा आणि डावखुरा समोरासमोर आले की पुढचे पाय आणि कपाळं एकाच रेषेत येतात आणि डोक्याला डोकं लागण्याची शक्यता वाढते. त्यात होलीफिल्ड आत शिरताना डोकं पुढे घेऊनच शिरायचा. नोव्हेंबर १९९६ मध्ये माइक टायसनची भुवई अशाच टकरीत फाटली, पंचाने ती टक्कर अपघाती ठरवली. जून २००२ मध्ये हसीम रहमानच्या डोळ्यावर एवढी सूज आली की आठव्या फेरीत लढत थांबवावी लागली. चार फेऱ्या पूर्ण झाल्यावर अपघाती टकरीने लढत थांबली तर तोवरच्या गुणांवर निकाल लागतो, आणि तो होलीफिल्डच्या बाजूने लागला.

उसिकचा हिशोब बारा फेऱ्यांचा असतो. सातवीत थांबवलं तर पत्रिकेवर तो पुढे असेलच असं नाही. म्हणून माझा कौल: लढत पूर्ण झाली तर उसिक, डोक्याच्या टकरीने अर्ध्यात थांबली तर होलीफिल्ड. पंच कोण, हे मी आधी विचारीन.

उजवा मागे

तुम्ही सगळे बरोबरीच्या मापात अडकलात. उसिकला हरवणारा नव्वदच्या दशकातला माणूस लेनक्स लुईस. सहा फूट पाच इंच उंची, ८४ इंच पोहोच, आणि प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड कोपऱ्यात. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याने होलीफिल्डला एकमताने हरवलं. लुईस जोशुआसारखा पाय जुळवत बसला नसता. डावखुऱ्याविरुद्ध जॅब मागे ठेवायचा, उजवा सरळ हात आधी टाकायचा, तोही डोक्यावर नाही, छातीवर. छाती हलत नाही, डोकं हलतं. छातीवर चार बसले की पाय जड होतात.

दहावी फेरी

लुईस नाही, रिडिक बो. नोव्हेंबर १९९२ चा, २३५ पाउंडांचा, नंतरचा जाडजूड बो नव्हे. लांबून मारणाऱ्या माणसाला उसिक गोल फिरवतो. बो तेवढा उंच असूनही छातीला छाती लावून लढायचा आणि आतून आखूड अपरकट मारायचा. होलीफिल्डला त्याने असंच दमवून अकराव्या फेरीत पाडलं. फ्युरीचे चांगले ठोसे कुठले होते ते आठवा. तेच, आणि तिथूनच.

बाहेरचा पाय

बो मला पटतो, लुईस अर्धा. लुईसचा धोका पहिल्या चार फेऱ्यांत. पण लुईस समोरच्याला हलक्यात घ्यायचा: सप्टेंबर १९९४ मध्ये ऑलिव्हर मॅक्कॉलने दुसऱ्या फेरीत आणि एप्रिल २००१ मध्ये रहमानने पाचव्या फेरीत त्याला एकेका उजव्या ठोशाने झोपवलं. उसिककडे तसा एक ठोसा नाही असं म्हणणाऱ्यांनी जुलै २०२५ ची वेम्ब्लीची लढत पाहावी. डॅनिएल डुबॉ २४३ पाउंडांचा होता, पाचव्या फेरीत डाव्या हुकने संपला.

बो जिंकायचा तर दोर मागे हवेत. रिंगच्या मध्यावर उसिक त्याला छाती लावू देणार नाही. म्हणून मी पहिल्या तीन फेऱ्यांत फक्त एकच गोष्ट बघीन: उसिकची टाच दोरांपासून किती लांब आहे. दोन पावलं असेल तर उसिक. एक असेल तर बो.

गुणपत्रिका

आणि त्याच बोने नोव्हेंबर १९९३ मध्ये २४६ पाउंडांवर येऊन होलीफिल्डलाच पट्टे परत दिले, बहुमताच्या निकालाने. एका वर्षात ११ पाउंड वाढले आणि आखूड अपरकटचा वेग गेला. बोबद्दल बोलताना वजन आधी लिहा, मग कौल द्या.