लव्हाळा हटेना, तणनाशक न मारता उपाय हवा

गुलबक्षी
पाऊस सुरू झाल्यापासून लव्हाळ्याने वैताग आणलाय. उपटला की चार दिवसांत पुन्हा बोटभर वर! तणनाशक मारायचं नाही, हे पक्कं. खात्रीचा उपाय सांगा, लवकर.

मातीमित्र
कुंडीत की जमिनीत? गाव कुठलं? तिथे लावलंय काय? आणि लव्हाळाच ना? देठ बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागतील.

घरचा भाजीपाला
व्हिनेगरमध्ये मीठ घालून भर उन्हात फवारा. आमच्या फाटकासमोरच्या फरशीतलं गवत दुसऱ्या दिवशी करपलं.

मातीमित्र
फरशीत चालेल, वाफ्यात मीठ नको. व्हिनेगरने पात जळते, मुळाशी जमिनीतली गाठ जिवंतच राहते आणि पुन्हा फुटते. मिठाने माती मात्र खराब होते.

घरचा भाजीपाला
मी करून पाहिलंय म्हणून सांगतोय.

डोंगरवाट
गाजर गवताला मेक्सिकन भुंगेरे सोडा. 1984 साली बंगळूरला आणले होते, पावसाळ्यात पानांचा फडशा पाडतात. माणसाने उपटायचं तर फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून.

गुलबक्षी
गाजर गवत नाहीये हो! लव्हाळा! तीन कडा आहेत. सातारा, अंगणातली जमीन, गुलाब आणि अळू आहे. आता तरी सांगा.

माईआजी
अगं, त्या गाठी म्हणजेच नागरमोथा. धुऊन, खडखडीत वाळवून कुटून ठेव, दिवाळीला उटण्यात घालता येईल. वास फार छान येतो.

हिरवी गच्ची
माती ओली करून वर पारदर्शक प्लास्टिक ताणा, कडा मातीत दाबा. महिना-दीड महिन्यात उष्णतेने तण मरतं.

बांधावरून
ते एप्रिल-मेमध्ये, रिकाम्या वाफ्यात. आत्ता ऊन कुठाय? शिवाय लव्हाळ्याचं टोक सुईसारखं असतं, प्लास्टिक फोडून वर येतं. उन्हाळ्यातही सगळ्या गाठी मरत नाहीत.

हिरवी गच्ची
सगळ्या नाही, पण निम्म्या मेल्या तरी कष्ट वाचतात की.

मातीमित्र
गुलबक्षी, माती बाहेरून आणली होती का?

गुलबक्षी
हो, ट्रॅक्टरभर लाल माती. त्याचा काय संबंध?

मातीमित्र
गाठी बहुतेक तिच्यातूनच आल्या. आता पुढची माती टाकण्याआधी चाळून घ्या. लव्हाळा ओढून उपटू नका, पात तुटून हातात येते आणि गाठ खाली राहते. पावसाने उघडीप दिली की कुदळीने वीतभर खणा, बहुतेक गाठी तेवढ्यातच असतात. एकीला धरून दोरा जातो, त्याच्या टोकाला दुसरी सापडते. निघालेल्या गाठी कंपोस्टमध्ये मुळीच टाकू नका. पत्र्यावर कडक उन्हात पार सुकू द्या.

बांधावरून
आणि पॉवर टिलर फिरवू नका, दोरे तुटून गाठी वाफाभर पसरतात. मोकळ्या जागेत रताळ्याचे वेल लावा. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, वेल दाटले की तो खुरटतो.

गुलबक्षी
गुलाबाच्या बुंध्याशी कसं खणू? मुळं तुटतील.

बांधावरून
तिथे कुदळ नकोच. पात दिसली की खुरप्याने मातीखालून कापायची, दर आठवड्याला. नवीन गाठी धरायला महिनाभरही लागत नाही, म्हणून खंड पाडायचा नाही. पात वाढूच दिली नाही तर गाठीतला साठा संपत जातो. एका पावसाळ्यात काम होणार नाही, पुढच्या वर्षीही धरून राहावं लागेल.

घरचा भाजीपाला
रताळ्याचे वेल पुण्यात कुठे मिळतील?