तुरीचा शेंडा खुडावा की फुटव्याचं टॉनिक मारावं?

गोदाकाठ
रामराम मंडळी. चार एकर तूर आहे, बीडीएन-711 वाण, जूनअखेर टोकण केलेली. आता गुडघ्याच्या वर आलीय पण नुसती सरळ वर चाललीय, बाजूच्या फांद्यांचा फुटवा नाहीच. वडील म्हणतात शेंडे खुड, पण बायांची मजुरी बघता अंगावर काटा येतो, आणि दुकानदार म्हणतोय जिब्रेलिक अ‍ॅसिड (जिब्रेलिन हार्मोन) मार, आपोआप फुटेल. कुणी करून बघितलंय का? काय करू?

काळीमाती
भाऊ जिब्रेलिक अजिबात नको!! त्याचं काम पेरं लांबवायचं, तूर अजून ताडमाड होईल अन् वाऱ्यात लोळेल. द्राक्षवाले मारतात ते घड अन् मणी लांबवायला. वडिलांचं ऐक.
कसंय, शेंड्यात ऑक्सिन नावाचं हार्मोन तयार होतं ते खोडातून खाली उतरत राहतं, आणि ते उतरतंय तोवर पानांच्या बेचक्यातले डोळे गपगार. शेंडा गेला की वरचा धाक संपला, डोळे फुटवणारं सायटोकायनिन हार्मोन वाढतं, शेंडा ओढत होता ती साखरपण डोळ्यांना मिळते, मग बघ कसे फुटतात.

बॉटनीवाली
+१. हे जुनंच आहे, 1933 ला थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी घेवड्यासारख्या बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापून तिथे ऑक्सिन लावलं, तर बाजूचे डोळे फुटलेच नाहीत.
पण एक विचारते, पेरताना स्फुरद (फॉस्फरस) दिलं होतं का? कारण स्ट्रायगोलॅक्टोन म्हणून अजून एक हार्मोन आहे, फांद्या दाबण्यातला त्याचा हात 2008 ला कळला. मुळांमध्ये बनतं, आणि स्फुरद कमी पडलं की झाड ते जास्त बनवतं. म्हणजे जमीन उपाशी असेल तर नुसतं खुडून पूर्ण फायदा नाही मिळायचा.

गोदाकाठ
ताई डीएपी दिलंय टोकणीला, त्यात स्फुरद असतंच. मग कापसाला मारतात ते मेपिक्वाट चालेल का?

काळीमाती
ते जिब्रेलिनच्या उलटं, झाडात जिब्रेलिन बनूच देत नाही म्हणून कापूस बुटका राहतो. पण ते कापसासाठी आहे, तुरीवर कशाला प्रयोग करतोस.

विळाकोयता
खुडायचंच तर पहिली खुडणी पेरल्यापासून 45 दिवसांच्या आसपास, दुसरी 65 ला, अन् फक्त वरचे दोन इंच, काही लोक हातभर छाटतात अन् मग बोंबलत बसतात. पाऊस चालू असताना नको, ओल्या जखमेतून बुरशी शिरते. कळी दिसायला लागली की हात लावायचा नाही, फुलं उशिरा येतील. आणि उशिरा पेरलेली असती तर मी खुडूच नको म्हणलो असतो, फुटायला वेळच मिळत नाही.
मजुरीचं म्हणशील तर बॅटरीवरचं शेंडा खुडायचं मशीन येतं, फवारणी पंपाच्या बॅटरीला जोडायचं. शेजाऱ्याचं आण मागून एक दिवस.

गोदाकाठ
मशीनच बघतो मग. जालना साईडला कुणाकडे भाड्याने आहे का?