शब्दचर्चा : ‘बर्नआऊट’ला मराठीत काय म्हणावं? शीण, उबग, झळ की करपणं

कांदळवन :

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महिला समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका होते आहे. मसुद्यात ‘बर्नआऊट’ला ‘जळून जाणे’ आणि ‘सर्व्हायव्हर’ला, म्हणजे हिंसा सोसून तगलेल्या बाईला, सरसकट ‘पीडिता’ असं आलं आहे. दोन्ही खटकतात. पहिल्याचं कारण उघड आहे. या कामात ‘जळीत’ हा रोजचा शब्द. ‘जळीत केस आली’ म्हटलं की रुग्णालयातल्या वॉर्डापासून मृत्युपूर्व जबाबापर्यंत सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. त्याच खोलीत बसून कार्यकर्तीने ‘मी जळून गेले’ म्हणायचं, हे तोंडातून निघणार नाही. ‘होरपळणे’ही त्याच कारणाने बाद. मग काय म्हणावं? आशा सेविकेला आणि अंगणवाडीच्या ताईला वाचल्याबरोबर कळेल असं हवं आहे.

तरवा :

एकच प्रतिशब्द शोधण्याआधी कल्पना सोडवून घेऊ. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली हा शब्द लेखात वापरला तो मोफत दवाखान्यांतल्या कार्यकर्त्यांबद्दल. म्हणजे सेवाकामातूनच तो पुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू आहे. तिच्यात बर्नआऊट हा आजार म्हणून नाही, कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हणून आहे, आणि तिची तीन अंगं सांगितली आहेत. तिन्हींना मराठीत तयार शब्द सापडतात.

पहिलं अंग म्हणजे शक्ती संपणं : शीण, दमणूक. दुसरं म्हणजे कामापासून मन तुटणं. याला ‘निबर होणं’ इतका नेमका शब्द दुसरा नाही. वेळेत न काढलेली भेंडी निबर होते; दिसते तशीच, पण सुरी लागत नाही. तिसरं म्हणजे आपल्या कामाचा उपयोग होत नाही असं वाटणं, ‘हाताला यश नाही’.

निबरपणा आधी भाषेत उतरतो, म्हणून शब्दांवर लक्ष ठेवावं. ‘ती वरच्या वाडीतली ताई’ची ‘ती केस’ होते, मग ‘ती डीआयआरवाली’ (डीआयआर म्हणजे कौटुंबिक हिंसेच्या घटनेचा अहवाल), मग ‘हिचं नेहमीचंच’. ‘परत गेली ना नवऱ्याकडे, मग आता कशाला आली?’ हे वाक्य केंद्रात ऐकू आलं, तर ते बोलणारीच्या स्वभावाबद्दल काही सांगत नाही. तिच्यावर काम किती साचलं आहे ते सांगतं.

वस्तीची गाडी :

‘शीण’ आणि ‘उबग’ वेगळे ठेवा. शीण झोपेने उतरतो. मंडणगडहून रत्नागिरीला किंवा दोडामार्गहून ओरोसला बैठकीला जाऊन आलं की एसटीत दिवस जातो, अंग मोडतं, पण एक रात्र नीट झोप लागली की माणूस उभा राहतो. गणपतीची सुट्टी पुरी भोगून आल्यावरही पहिला फोन वाजताच पोटात गोळा येतो, तो उबग. पुस्तिकेत हीच कसोटी द्या : सलग सुट्टीनंतरही काम नकोसं वाटतं का?

तिसरा शब्द मसुद्यात नाहीच, तो म्हणजे ‘झळ’. दुसऱ्याचा आघात ऐकून ऐकून आपल्या मनाची घडी बदलणं, याला लिसा मॅकॅन आणि लॉरी अॅन पर्लमन यांनी १९९० साली वेगळं नाव दिलं. आपल्याकडे दुष्काळाची झळ, महागाईची झळ असं म्हणतातच. तिथे ‘जळीत’चा वास येत नाही. झळ लागल्याच्या खुणा : रात्री दाराची कडी वाजली की दचकणं, ऐकलेला प्रसंग भांडी घासताना डोळ्यांपुढे येणं, स्वतःच्या मुलीला शेजारी पाठवायलाही नको वाटणं. उबग यायला महिने जातात. झळ मात्र नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात एका हकिगतीने लागू शकते. उपायही वेगळे. उबगावर कामाचा भार कमी करावा लागतो. झळ असेल तर काय ऐकलं जातं आणि ते पुढे कसं सांगितलं जातं, ते बदलावं लागतं.

घाटमाथा :

‘भाजून निघणे’ चालेल का?

माजघर :

कोकणात नाही चालणार. इथे पावसाआधी पालापाचोळा, शेण, कवळं पसरून जमीन भाजतात, ती भाजावळ. तिच्यावर भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, जोमाने येतो. ते भाजणं शेतकरी हौसेने करतो. कार्यकर्तीला ‘भाजून निघालीस, आता तयार झालीस’ म्हणणं म्हणजे तिच्या हालांचं कौतुक करणं. जुन्या संस्थांमध्ये ही समजूत खोल रुजली आहे, तिला शब्दाची जोड देऊ नका.

माझं मत ‘करपणं’ला. त्यात कारण दडलेलं आहे. चुलीवरचं भात करपतं ते तांदूळ वाईट म्हणून नाही, पाणी कमी आणि जाळ जास्त म्हणून. शिवाय ते तळाला आधी करपतं. वरचं पांढरं शुभ्र दिसत असतं. केंद्रातही आधी फिरतीवरची कार्यकर्ती करपते, आणि जिल्ह्याच्या बैठकीत आकडे चांगलेच दिसतात. शेतातल्या ‘करपा’ रोगाचंही तेच : युरिया जास्त पडला, हवा ढगाळ-दमट राहिली की तो पसरतो. तेव्हा आपण रोपाला दोष देत नाही, खताचा हप्ता आणि लावणीतलं अंतर बघतो.

तरवा :

कारण दाखवणारा शब्द म्हणून पटतं. पण करपलेलं भात परत पांढरं होत नाही, माणूस सावरतो. तेव्हा मथळ्यात आणि कारणांच्या प्रकरणात ‘करपणं’ ठेवा, कार्यकर्तीला स्वतःबद्दल विचारायच्या प्रश्नांत ‘उबग’ आणि ‘झळ’. ‘तू करपली आहेस का?’ असं कोणी कोणाला विचारू नये.

कांदळवन :

हे चांगलं झालं. आता ‘पीडिता’.

तरवा :

कागदाची भाषा आणि समोरची भाषा वेगळी धरा. एफआयआर, न्यायालय, मनोधैर्य योजनेचा (अत्याचारग्रस्तांना मदत देणारी राज्याची योजना) अर्ज इथे ‘पीडित’ येणारच. तिथे तो शब्द टाळून तिचं नुकसान करू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या इंग्रजी पाठात मात्र ‘व्हिक्टिम’ हा शब्द मुख्य नाही, ‘ॲग्रीव्हड पर्सन’ आहे, म्हणजे जिला गाऱ्हाणं आहे ती. लैंगिक हिंसेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१४ साली ‘सर्व्हायव्हर’ घेतला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या लिंगभेदी भाषेवरच्या हस्तपुस्तिकेत दोन्ही शब्द ग्राह्य आहेत, पण त्या व्यक्तीने एक सांगितला तर तोच वापरावा असं म्हटलं आहे.

मराठी प्रतिशब्दांत ‘वाचलेली’ घोटाळ्याचा, पुस्तकही वाचलेलंच असतं. ‘उत्तरजीवी’ हिंदीतून आलेला, वाडीत कोणी बोलत नाही. ‘तगलेली’ मला जवळचा वाटतो : लावलेलं कलम पहिला उन्हाळा काढून तगतं, तसा. तरी समोर बसलेल्या बाईला यातलं काहीच म्हणू नये. ‘ताई’ किंवा वयाप्रमाणे ‘काकी’ पुरे.

माजघर :

वर ‘गाऱ्हाणं’ आलं म्हणून. कोकणात गाऱ्हाणं देवाला घालतात, गुरव किंवा मानकरी सगळ्या गावाच्या वतीने, आणि बाकीचे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. ‘तुमचं गाऱ्हाणं काय?’ विचारलं की म्हाताऱ्या बाईला ते चारचौघांपुढे मांडायचं वाटू शकतं. ‘तक्रार’ म्हटलं की पोलीस आठवतात. ‘काय झालं ते सांगा, वेळ आहे’ एवढंच बरं.

‘समुपदेशन’ हा त्याहून अडचणीचा शब्द. त्यात ‘उपदेश’ आहे आणि तो ऐकू येतो. सासरचे ‘समुपदेशनाला बोलावलंय’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात ‘हिची समजूत घालतील, नांदायला पाठवतील’ असंच असतं. गावकी-भावकीला ‘मिटवणं’ ठाऊक असतं. म्हणून पहिल्या भेटीत दोन वाक्यं स्पष्ट बोलायची : ‘इथे तुम्हाला परत जा म्हणून सांगणार नाही, सोडा म्हणूनही सांगणार नाही. काय काय करता येतं ते सांगू, ठरवायचं तुम्ही.’

आणि ‘गुपित’ व ‘गोपनीय’ यात फरक करा. ‘कोणाला सांगणार नाही’ असा शब्द आधी देऊन मोकळं होऊ नये. मुलगी अठराच्या आतली असेल आणि लैंगिक अत्याचार असेल, तर पोक्सो, म्हणजे बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. हे तिने तोंड उघडायच्या आधी सांगायचं. नंतर सांगितलं तर विश्वासघात वाटतो, आणि ती पुढचं बोलत नाही.

वस्तीची गाडी :

नोंदीतले शब्द राहिले. सगळ्यात फसवा शब्द ‘त्रास’. ‘त्रास देतो’ यात टोमण्यांपासून बळजबरीपर्यंत काहीही असतं. ‘त्रास म्हणजे काय करतो?’ एवढं विचारा आणि थांबा. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न टाळा. ‘तू निघून का नाही गेलीस?’ यात ठपका आहे. ‘तेव्हा काय अडलं?’ यात नाही.

‘घोव माका मारता’ (नवरा मला मारतो) असं ती म्हणाली तर तेच अवतरणात लिहा, खाली प्रमाण मराठी. ‘पतीकडून वारंवार मारहाण होत असल्याचे कळते’ असं गुळगुळीत केलं की पुढे न्यायालयात तिला विचारतात, ‘वारंवार म्हणजे किती?’ आणि ते तिचं वाक्यच नसतं. ‘अब्रू लुटली’, ‘अतिप्रसंग’ हे आपल्या हाताने लिहू नका. अब्रू जाते ती अत्याचार करणाऱ्याची.

‘मानेला धरलं’ हे ‘मारलं’मध्ये बुडवू नका. गळा दाबला का, श्वास अडला का, डोळ्यांपुढे अंधारी आली का, आवाज बसला का, गिळताना दुखतं का, लघवी झाली का, हे एकेक विचारा. बाहेर वळ नसला तरी आत इजा असू शकते आणि ती काही तासांनी किंवा दिवसांनी उमटते, म्हणून त्याच दिवशी रुग्णालयात न्या. गळा दाबणाऱ्या नवऱ्याकडून जिवाला धोका पुष्कळ वाढलेला असतो. सोबत ‘मारून टाकीन’ची धमकी, हत्यार दाखवणं, संशय, गरोदरपण असेल तर ती घरी परत जाण्याआधी संरक्षण अधिकाऱ्याशी (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेला अधिकारी) बोलणं झालंच पाहिजे. कोयता इथे प्रत्येक घरात असतो. ‘हत्यार आहे का?’ला ‘नाही’ उत्तर येईल. ‘कोयता, सुरी उगारली का?’ असं विचारा.

लैंगिक हिंसेत कपडे धुऊ नका हे सगळे सांगतात, ठेवायचे कसे ते कोणी सांगत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. पावसाळ्यात ओले कपडे पिशवीत बांधले की बुरशी धरते आणि पुरावा जातो. सावलीत, कोणी हात न लावता वाळवून, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत. नमुने ९६ तासांपर्यंत घेतात. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ‘आधी एफआयआर आणा’ म्हणून उपचार अडवता येत नाहीत, आणि ते मोफत आहेत, सरकारी असो की खासगी.

कांदळवन :

ओळख लपवण्याबद्दल एक भर. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव छापायला मनाई करतं, पण कोकणात नाव न घेताही माणूस कळतो. ‘खाडीपलीकडच्या वाडीतली, नवरा मुंबईला, दोन मुली’ एवढ्याने सगळ्या गावाला कळतं. प्रशिक्षणात उदाहरण देताना निदान तालुका, मुलांची संख्या आणि नवऱ्याचा धंदा बदला. चाकरमानी घरी असतो त्या गणपती-शिमग्याच्या दिवसांत पाठपुराव्याचे फोन करू नका. फोन तिच्या हातात नसतो. तिनेच सुट्टीआधी एक खुणेचं वाक्य ठरवून द्यावं, ‘बचत गटाची सभा कधी आहे?’ असं. ते आलं की समजायचं, ११२ ला (पोलिसांचा तातडीचा नंबर) कळवायची वेळ आहे.

माजघर :

आता ‘स्वतःची काळजी घ्या’ हे मसुद्यातलं प्रकरण. ते वाक्यच काढा. भार कार्यकर्तीवर ढकलणारं आहे. त्याजागी केंद्राने काय करायचं ते लिहा. आकडे मी सुचवते, केंद्राच्या माणसांप्रमाणे बदला.

दिवसाला नव्या हकिगती तीनपेक्षा जास्त नकोत. एका भेटीला तासभर, आणि दोन भेटींमध्ये पंधरा मिनिटं रिकामी : त्यात नोंद लिहायची, तोंड धुवायचं, अंगणात दोन फेऱ्या. शेवटची भेट वस्तीच्या गाडीच्या (गावात मुक्कामाला जाणाऱ्या एसटीच्या) दीड तास आधी संपवा, नाहीतर बाई अर्धं बोलून उठते आणि कार्यकर्ती ते अर्धं घेऊन घरी जाते. गृहभेटीला दोघी, आणि ओटीवर नाही. पडवीतला प्रत्येक शब्द शेजारी जातो. केंद्राचा मोबाईल एकीच्या हाती सलग आठवडाभरच. आठवडा संपला की फोन हातातून हातात द्यायचा. नंबर स्वतःच्या मोबाईलवर वळवून घेतला की सुट्टी नावाला उरते. आठवड्याला एक तास कामाची चर्चा, आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या जाणत्या व्यक्तीबरोबर. वरिष्ठांसमोर कोणी ‘झळ लागली’ कबूल करत नाही, कारण करार अकरा महिन्यांचा असतो.

चर्चेत ‘मन मोकळं कर’ म्हणून सगळा तपशील ओतू नये, त्याने झळ चौघींना लागते. आधी विचारायचं, ‘जड आहे, आता सांगू का?’ हो म्हटलं तर काय झालं याऐवजी आपल्याला काय झालं तेवढंच सांगायचं.

तरवा :

‘थकलीस का?’ हा प्रश्नही त्या तासातून काढून टाका. त्याचं उत्तर ‘नाय ओ, काय नाय’ हेच येतं. विचारायचं तर ‘या आठवड्यात कोण डोळ्यांपुढून हलत नाही?’ असं विचारा. या प्रश्नाला प्रत्येकीकडे नाव असतं.