रेसेटिअर: चौथ्या आठवड्याचा 2 लाखांचा हप्ता कसा भरायचा?

रिकामा_गल्ला:
रेसेटिअर हा दुकान चालवून दर आठवड्याला कर्जाचा हप्ता फेडायचा व्हिडिओ गेम खेळतोय. तिसरा 80,000 पिक्सचा (खेळातलं चलन) हप्ता कसाबसा भरला. गल्ल्यात उरलेत 14,000, बाकी पैसा तलवारी-ढालींत अडकलाय. पुढचा हप्ता 2,00,000 चा. कर्जवसुलीला आलेल्या टिअर परीने शिकवलं तसं सरसकट मूळ भावाच्या 130 टक्के सांगतो. बरीच गिऱ्हाइकं घासाघीस करतात, काही तशीच निघून जातात. माल फुकट मिळतो म्हणून रोज लुई या लढवय्याला घेऊन गुहेत उतरतो. चुकतंय कुठे?

बोहनी_झाली:
आधी भाव. 130 वर अडून बसू नका, 104-105 टक्के सांगा. बहुतेक जण पहिल्याच बोलीला हो म्हणतात. लागोपाठ असे सौदे झाले की साखळी जमते आणि दर सौद्याला अनुभवाचे गुण वाढत जातात. एक नकार आला की साखळी तुटते. 130 वर दर नगामागे चार पैसे जास्त सुटतात खरे, पण व्यापारी पातळी मागे पडते, आणि दुकान वाढवणं वगैरे सगळं त्या पातळीवरच अवलंबून. शिवाय स्वस्तात मिळालं की गिऱ्हाईक खूश होतं, हळूहळू त्याचा खिसाही सैल होतो. लहान मुलगी आणि लुई यांच्याकडे मुळातच पैसे कमी. मुलीने काही मागितलं तर तुमच्याकडचा त्यातला सगळ्यात स्वस्त नग पुढे करा. महागडी वस्तू दाखवलीत तर तिला 105 सुद्धा झेपणार नाहीत.

दुसरं, वेळ. दिवसाचे चार भाग. दुकान उघडलं की एक भाग जातो, गुहेत दोन. ‘फुकट’ मालासाठी रोज दोन वेळची विक्री घालवताय. गिल्डमध्ये (व्यापाऱ्यांच्या संघात) आणि बाजारात खरेदीला जायला मात्र वेळ लागत नाही.

तेजीमंदी:
वरचं सगळं बरोबर, पण 2 लाख निघतात ते भावाच्या बातम्यांवर. एखाद्या प्रकारचा भाव पडल्याची बातमी आली की तो माल मांडणीवरून लगेच उतरवा, विकू नका. उलट गिल्डमधून त्याच पडलेल्या भावात भरून ठेवा. तेजी आली की काढा, तोही पुढच्या खिडकीत मांडून, कारण रस्त्यावरच्या लोकांना तेच दिसतं. एक गोम आहे: तेजीत लोक तीच वस्तू तुम्हाला विकायलाही येतात. तेव्हा घेऊ नका, टक्केवारी चढलेल्या भावावर धरली जाते. एरवी गिऱ्हाइकाकडून घेताना 70 टक्क्यांच्या आसपास बोली लावा.

रिकामा_गल्ला:
आणि आगाऊ ऑर्डरी? घ्याव्यात का?

बोहनी_झाली:
माल हाताशी असेल, नाहीतर दोन दिवसांत गिल्डमधून नक्की मिळणार असेल, तरच. ऑर्डर मोडली की गिऱ्हाईक बिथरतं. आणि हप्त्याच्या आधीच्या दोन दिवसांत नवी खरेदी बंद ठेवा. टिअर रोकड मोजते, कपाटातल्या ढाली मोजत नाही. बरेच जण इथेच बुडतात.

तेजीमंदी:
बुडालात तरी डोक्याला हात लावू नका. खेळ मागे सुरुवातीला जातो, पण व्यापारी पातळी आणि माल तुमच्याकडेच राहतो. त्या साठ्यावर 10,000 आणि 30,000 चे पहिले दोन हप्ते सहज निघतात. पाचवा हप्ता 5 लाखांचा आहे, त्यामुळे चौथा जेमतेम भरून शून्यावर येण्यापेक्षा कधीकधी नवी फेरीच परवडते.